सात रस्ते, पण वाट कुठाय?

सोलापुरात कुणाला पत्ता सांगायचा झाला, तर बोलण्यात कुठे ना कुठे सात रस्ता येतोच. ‘सात रस्त्यावरून आत वळा’, ‘सात रस्त्याच्या अलीकडे उतरा’, ‘डेपोसमोर थांबा, मी येते’. रंगभवनाकडून या, मोदीकडून या नाहीतर विजापूर रोडकडून या, हा चौक काही चुकत नाही. परिवहनचा डेपो इथे, सामाजिक न्याय भवन इथे, दवाखाने, दुकानं, रिक्षावाल्यांचा गलका सगळं इथेच. लग्न होऊन मी या गावात आले, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. आमचं घर सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे हा चौक म्हणजे मला आमच्या अंगणासारखाच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट. बाजार करून मी घामाघूम होऊन घरी आले, पिशव्या टेकवल्या आणि पंख्याखाली बसले. आमच्या ताई, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, ‘‘काय गं, सात रस्त्यावर आता काय काय नवीन झालंय?’’

मला हसू आलं. म्हटलं, ‘‘ताई, सात रस्ता काय दिल्लीत आहे का? इथंच तर आहे की, दहा मिनिटांवर!’’

‘‘तुला दहा मिनिटं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी शेवटची गेले, त्याला सहा वर्षं झाली.’’

त्या रागावल्या नव्हत्या. तक्रारही करत नव्हत्या. एखाद्यानं आज वार कुठला ते सांगावं, तसं सांगितलं त्यांनी. मी मात्र पाण्याचा पेला हातात धरून तशीच बसले. सहा वर्षं! एका घरात राहून, रोज दोन वेळा त्यांच्यासोबत जेवून, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ताई दोन वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला. तेव्हा आजच्यासारखी घरोघरी डोस पाजणारी मोहीम नव्हती. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण त्याआधी ज्यांना तो होऊन गेला, त्या पिढीच्या बायका आज पन्नाशी-साठीत आहेत. ताईंनी पायाला कॅलिपर लावून, काठी टेकत शिक्षण पूर्ण केलं. लग्न झालं नाही. गणिताच्या शिकवण्या घेऊन स्वतःच्या पायावर... बघा, मी हेच लिहिणार होते! आपली भाषासुद्धा पायांचीच. तर, स्वतःच्या कमाईवर त्या जगल्या. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली.

पन्नाशी उलटल्यावर त्यांचे स्नायू पुन्हा दुबळे व्हायला लागले. डॉक्टर म्हणाले, पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी असं होऊ शकतं. इतकी वर्षं जास्तीचा भार वाहिलेले स्नायू थकतात. मग कॅलिपर सुटला आणि चाकाची खुर्ची आली. गंमत बघा, खुर्ची येते ती माणसानं हिंडावं-फिरावं म्हणून. आमच्याकडे खुर्ची आली आणि ताईंचं बाहेर जाणंच बंद झालं.

यात माझाही वाटा आहे, हे आज कबूल करायला हवं. ‘‘ताई, तुम्ही कशाला दगदग करता? मी आणते की,’’ असं म्हणून त्यांची औषधं मी आणायची. साडी मी पसंत करायची. त्यांच्या एटीएम कार्डाचा नंबरसुद्धा मला पाठ. घरातलं लग्नकार्य वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात असलं, की ‘‘ताई, तिथं जिना आहे हो, तुम्हाला त्रास होईल’’ असं म्हणून त्यांच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन यायचं. मला वाटायचं, मी त्यांची सेवा करतेय. पाहुणेही कौतुक करायचे, नणंदेचं किती करते म्हणून! पण जिचं आयुष्य आकडेमोडीत गेलं, तिनं सहा वर्षांत स्वतःच्या हातानं नोटा मोजून भाजी घेतली नव्हती, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, ‘‘ताईंना बाहेर न्यायचं. दिवाळीची साडी त्या स्वतः निवडतील.’’

म्हणायला सोपं होतं! पहिली अडचण सात रस्त्यावर नव्हती, आमच्याच दारात होती. आमच्या घराचं जोतं दीड फूट उंच. तीन पायऱ्या. काही वर्षांपूर्वी आम्ही घराची दुरुस्ती केली, तेव्हा गुळगुळीत फरशी आणि न्हाणीघराला शोभिवंत उंबरा मीच हौसेनं बसवून घेतला होता. न्हाणीघराचं दार दोन फुटांचं आणि ताईंची खुर्ची सव्वीस इंचांची. रोज त्यांना दारात खुर्चीवरून उठवून, धरून आत न्यावं लागायचं. तेही आम्ही ‘असंच असतं’ म्हणून चालवून घेतलं होतं.

गवंड्याला बोलावलं. त्यानं पायऱ्यांवर चार फुटांचा सिमेंटचा उतार काढून दिला. अगदी स्कूटर चढवायला असतो तसा. खुर्ची त्यावर घातली आणि पुढची चाकं उचलली जाऊन ती मागे कलायला लागली. नवऱ्यानं धरली म्हणून बरं, नाहीतर ताई पाठीवर पडल्या असत्या.

मग ताईंनी वही-पेन्सिल मागितली. लेकीनं मोबाईलवर सरकारी मार्गदर्शक सूचना शोधून दिल्या होत्या. एक इंच चढायचं असेल तर बारा इंच लांबी हवी, हा साधा हिशेब. ‘‘जोतं अठरा इंच. म्हणजे उतार अठरा फूट लांब हवा,’’ ताईंनी गवंड्याला सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, ‘‘एवढं लांब कशाला ओ ताई? अंगणच चौदा फुटाचं हाय की!’’ ताईंनी चित्र काढून दाखवलं. नऊ फूट सरळ, मग खुर्ची वळेल एवढा पाच फुटांचा चौकोनी सपाट ओटा, मग काटकोनात वळून पुन्हा नऊ फूट. एका बाजूला धरायला लोखंडी कठडा. फरशी शहाबादी, पण पॉलिश न केलेली, पावसात घसरायला नको म्हणून. गवंडी चित्राकडे बघतच राहिला.

एकच अडचण होती. त्या वाटेत सासूबाईंच्या हातचं तुळशीवृंदावन होतं. नवरा गप्प झाला. ताई म्हणाल्या, ‘‘राहू दे रे, आईचं आहे.’’ शेवटी मीच म्हटलं, ‘‘तुळस अंगणात कुठेही छान वाढते. ताईंना मात्र ही एकच वाट आहे.’’ तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्या दिवशी वृंदावन चार हात पलीकडे हलवलं. म्हणजे दिवाळी हुकलीच! साडीची खरेदी संक्रांतीवर गेली.

उतार पूर्ण झाला त्या दिवशी ताई एकट्या खाली उतरल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या. असं तीनदा केलं. आम्ही कुणी काही बोललो नाही.

मग आला तो रस्ता. त्या दहा मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. त्या दिवशी ती वाट मी पहिल्यांदाच बघत होते म्हणा ना! फुटपाथ होता, पण त्यावर खुर्ची चढवायला उतार नव्हता. जिथे चढवता आली, तिथे पुढे विजेचा खांब मधोमध उभा. खांबाशेजारी राहिलेल्या जागेत दोन मोटारसायकली. त्यापुढे हातगाडी आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा सांगाडा. मग खाली रस्त्यावर उतरायचं, तर मागून रिक्षांचे हॉर्न. चौकात सात बाजूंनी गाड्या. माझ्यासारख्या धडधाकट बाईची छाती धडधडते, तिथे बसल्या उंचीवरून ताईंना काय दिसत असेल? गाड्यांची चाकं आणि धूर!

वाटेत ताईंनी मला एक गोष्ट दाखवली. म्हणाल्या, ‘‘प्रत्येक घराच्या, दुकानाच्या पायरीपाशी बघ.’’ मी बघितलं. जवळजवळ प्रत्येक दारात स्कूटर आत घ्यायला सिमेंटचा नाहीतर पत्र्याचा उतार होता. ‘‘स्कूटरला पायरी चढता येत नाही, हे सगळ्यांना न सांगता कळतं,’’ ताई म्हणाल्या. ‘‘माणसाचं मात्र सांगावं लागतं.’’

साडीच्या आधी एके ठिकाणी कागदावर सही करायला जायचं होतं. तिथे रॅम्प होता, पण त्याच्या तोंडाशी गाड्या लावलेल्या आणि वर जनरेटर. शिपाई चांगला माणूस होता. त्यानं पटकन चार माणसं गोळा केली. ‘‘काळजी करू नका मॅडम, उचलून नेतो!’’ आणि ताईंचा होकार यायच्या आतच चौघांनी खुर्ची उचललीसुद्धा. ताईंनी एका हातानं पदर आणि एका हातानं निऱ्या घट्ट धरल्या होत्या. डोळे मिटले होते. मदत करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण चार अनोळखी पुरुषांनी भर लोकांत असं उचलणं बाईमाणसाला कसं वाटत असेल, हे त्या मिटल्या डोळ्यांनी मला सांगितलं.

हे फक्त आमच्या ताईंचंच आहे असं नाही. मुंबईच्या विराली मोदी या तरुणीची बातमी तुम्ही वाचली असेल. २०२३ मध्ये खार इथल्या विवाह नोंदणी कार्यालयात ती स्वतःच्या लग्नासाठी गेली. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सहीसाठी कुणी खाली यायला तयार नाही. नवरीला लग्नाच्या दिवशी दोन जिने उचलून न्यावं लागलं. तिनं हे जाहीरपणे मांडलं, तेव्हा सरकारला दखल घ्यावी लागली. उचलणाऱ्याचा पाय घसरला असता तर?

आणखी एक गोष्ट, जी आपण बायकाच समजू शकू. त्या दिवशी ताईंनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. का, तर बाहेर जायचं म्हणजे बाथरूमचं काय? चाकाची खुर्ची आत जाईल, दार लागेल, आधाराला दांडा असेल, असं स्वच्छतागृह आपल्या आसपास कुठे आहे, आठवून बघा. आपल्यालाच धड मिळत नाही, तिथे त्यांचं काय! सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात तहान मारून बाहेर पडायचं, नाहीतर घरातच बसायचं.

घरी आल्यावर लेकीनं आणि मी कायदा वाचून काढला. आपल्याकडे अपंगांसाठी पहिला मोठा कायदा १९९५ चा. मग २०१६ चा नवा कायदा आला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. आधी अपंगत्वाचे सात प्रकार मानले जायचे, आता एकवीस मानतात. जुन्या सार्वजनिक इमारतीसुद्धा नियम आल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या, असं त्यात आहे. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नुसत्या ‘शिफारशी’ चालणार नाहीत, बंधनकारक निकष करा. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी कित्येक वर्षं चालवलेल्या खटल्यातला हा निकाल. २०११ च्या जनगणनेत देशात दोन कोटी अडुसष्ट लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्यात एक कोटी अठरा लाख बायका-मुली. आपल्या महाराष्ट्रात एकोणतीस लाखांवर. इतकी माणसं असताना रस्त्यात दिसत का नाहीत? उत्तर आमच्या खिडकीपाशी बसलेलं होतं.

सवलती नाहीत असं नाही. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सूट आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यानं स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही सुरू केला. ताई हसून म्हणतात, ‘‘तिकीट पाऊण माफ झालं, पण एसटीची पायरी कुठं माफ झाली? आधी आम्हाला अपंग म्हणायचे, आता दिव्यांग म्हणतात. नाव चांगलं आहे. पायरी तेवढीच उंच आहे.’’

आणि हे सगळं काही फक्त चाकाच्या खुर्चीवाल्यांपुरतं नाही. रस्त्यावर, रेल्वे स्टेशनवर पिवळ्या, उठावाच्या फरश्या दिसतात ना? मला इतकी वर्षं ते डिझाईनच वाटायचं. त्या अंध माणसांसाठी असतात. लांब रेषा म्हणजे ‘चला’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, जपून’. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. कल्पना इतकी साधी, की पायाला कळते. पण त्याच फरशीवर आपण स्कूटर लावली, की अंध माणूस त्या खुणेवर विश्वास ठेवून चालत येतो आणि थेट स्कूटरवर आदळतो.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक, सगळ्यांच्या नसीमादीदी, यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र तुमच्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. ऐन तरुणपणात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, पण १९८४ मध्ये त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, कामाची जागा असं सगळं. अशा ठिकाणी मुलं आपापली खुर्ची घेऊन भराभर हिंडतात. माणूस तोच, शरीर तेच. फक्त वाट असते.

अशी वाट मी ताईंसाठी एकदा बघितली होती, तेव्हा तिचं मोल कळलं नव्हतं. ७ मे २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. चाळीस टक्क्यांहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना घरी बसून मत द्यायची सोय होती. मी म्हटलं, ‘‘बरं झालं, घरीच येतील.’’ ताईंनी नकार दिला. ‘‘चांगली सोय आहे, ज्यांना उठताच येत नाही त्यांच्यासाठी. मला रांगेत जायचंय,’’ म्हणाल्या. दोघांनी उचलून रिक्षात बसवलं आणि जवळच्या शाळेत गेलो. तिथे रॅम्प होता, चाकाची खुर्ची होती, मदतीला पोरं होती. कुणी उचललं नाही, कुणी ‘अरेरे’ म्हटलं नाही. त्यांनी मत दिलं, शाई लावलेलं बोट दाखवत बाहेर आल्या. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी रांगेत भेटली, तिच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्या. एका दिवसासाठी का होईना, जमतं ना? मग रोज का जमू नये?

मैत्रिणींनो, रस्ते बांधणं आपल्या हातात नाही हे खरं. पण बरंच काही आहे. आमच्या भिशीत आम्ही ठरवलंय, मंगल कार्यालय बघायला गेलं, की जेवणाच्या ताटाचा दर विचारायच्या आधी विचारायचं, ‘‘रॅम्प आहे का? बाथरूमला पायरी आहे का?’’ चार गिऱ्हाइकांनी विचारलं, तर पाचव्याच्या आधी मालक बांधून घेईल. हळदीकुंकू तळमजल्यावर ठेवायचं. आपली गाडी फुटपाथवर, रॅम्पच्या तोंडाशी लावायची नाही आणि नवऱ्याला, पोरालाही लावू द्यायची नाही. कुणाला मदत करायची असेल तर आधी विचारायचं, ‘‘मदत करू का? कशी करू?’’ खुर्चीला हात लावायचा तो त्यानंतर. खुर्चीवर बसलेल्या बाईशी बोलायचं असेल तर तिच्याशीच बोलायचं, मागे उभ्या असलेल्या माणसाशी नाही. ऐकू न येणारी बाई काउंटरवर दिसली, तर घाई न करता तोंड तिच्याकडे करून सावकाश बोलायचं, नाहीतर कागदावर लिहून द्यायचं.

आणि ज्यांच्या घरी असं कुणी असेल, त्यांनी अपंगत्वाचं ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी म्हणतात, ते आधी काढून घ्या. बहुतेक सवलतींचं दार तिथून उघडतं. सार्वजनिक जागेत अडचण असेल, तर फोटोसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते. आमचा फुटपाथचा अर्ज ताईंनीच लिहिलाय, मापांसकट. उत्तर अजून यायचंय. त्या म्हणतात, ‘‘गणित बरोबर आहे. कधीतरी मार्क द्यावेच लागतील.’’

आणि घर बांधताना, दुरुस्ती करताना एक दार तरी तीन फुटांचं ठेवा, एक बाथरूम तरी बिनउंबऱ्याचं ठेवा. आज गरज नाही असं वाटेल. पण सासूबाईंचे गुडघे, आईचं कमरेचं हाड, लेकीचं बाळंतपण आणि शेवटी आपलं स्वतःचं म्हातारपण, हे काही विचारून येत नाही. आमच्या उतारावरून आता गॅसची टाकी जाते, शेजारणीच्या नातवाची बाबागाडी जाते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या समोरच्या काकू कठडा धरून गप्पा मारायला येतात. बांधला एकीसाठी, वापरतात सगळे!

हो, साडीचं सांगायचं राहिलंच. दुकानाला दोन पायऱ्या होत्या. दुकानदार म्हणाले, ‘‘बाहेर आणून दाखवतो.’’ ताई म्हणाल्या, ‘‘नको, मला आत यायचंय.’’ तेव्हा गोदामातून त्यांनी एक लांब फळी आणली, आम्ही ती टेकवली आणि खुर्ची आत गेली. ताईंनी पाऊण तास सगळं दुकान पालथं घातलं आणि शेवटी घेतली ती गडद मोरपंखी. इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी फिक्या रंगाच्या आणत होते!

नोटा त्यांनी स्वतः मोजून दिल्या. दोनदा मोजल्या.

परतताना चौकात थांबून उसाचा रस प्यायलो. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘पिते गं. घर दहा मिनिटांवर आहे.’’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘सिद्धेश्वराच्या गड्ड्याला किती वर्षांत गेले नाही. नंदीध्वज टीव्हीवरच बघते. अक्षता आपल्या हातानं टाकायच्यात एकदा.’’

त्या गर्दीत खुर्ची कशी न्यायची, मला अजून कळलेलं नाही. पण ताईंनी वही काढलीय.